सीव्हीतलं अध्यापन: मोजायचं वेगळं, सांगायचं वेगळं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. केली आहे, सेटही (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झालेली आहे. एक वर्ष कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. पीएच.डी. चालू असताना फेलोशिपवर राहून विद्यापीठाच्या विभागात दोन वर्षं एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेतली. पदवी हातात आल्यावर तीन वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, काम केलं, त्यातली दोन वर्षं एकाच वेळी दोन महाविद्यालयांत. रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शनाचे वर्ग घेणं. लॉकडाऊनमध्ये नीटच्या क्लासला ऑनलाइन बायॉलॉजी. शिवाय पाहुणी व्याख्यानं, साताऱ्याजवळच्या कास पठारावर नेलेल्या सहली, पेपर तपासणी, दोन कार्यशाळा. हे सगळं तुम्ही ‘अध्यापनाचा अनुभव’ अशा एकाच मथळ्याखाली तारखांच्या क्रमानं लिहिलंय आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘एकूण अनुभव ८ वर्षे’. तीन मुलाखती झाल्या आणि तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी त्या आठवर अडून बसलं. आता विचारताय, हे लावू कसं?

तो आठचा आकडा आजच्या आज काढून टाका. बाकीचं सावकाश बोलू.

तो कुठून आला असेल हे मी कागदावर मांडून पाहिलं. कनिष्ठचं १, विद्यापीठ विभागातली २, पहिल्या महाविद्यालयातली ३, दुसऱ्यातली २. बेरीज बरोबर आहे. पण छाननीच्या टेबलावर बसलेला माणूस बेरीज करायला बसलेलाच नसतो, तो वजाबाकी करतो. वरिष्ठ महाविद्यालयाच्या जागेसाठी कनिष्ठचं वर्ष तो बाजूला सारतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जुलै २०१८ च्या नियमावलीत एम.फिल. किंवा पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरायचा नाही असं स्वच्छ लिहिलंय, तेव्हा फेलोशिपवरची २ वर्षं गेली. दुसऱ्या महाविद्यालयातली २ वर्षं पहिल्याच्या तिनाच्या पोटातच आहेत. मंगळवारी सकाळी इथे आणि दुपारी तिथे शिकवलंत म्हणून तो मंगळवार काही दोनदा उजाडला नाही. उरली ३. आता नियुक्तीपत्रं बघा. आदेश दरवर्षी ऑगस्ट ते मार्च असे निघाले, असं तुम्हीच लिहिलंय. आठ महिने तीनदा, म्हणजे २४. आठाची दोन वर्षं झाली.

त्या दोन वर्षांची किंमत किती? त्याच नियमावलीत सहायक प्राध्यापकांच्या छाननीसाठी दोन तक्ते आहेत, विद्यापीठांसाठी ३अ आणि महाविद्यालयांसाठी ३ब. दोन्हींत अध्यापनाच्या अनुभवाला दर वर्षी २ गुण, कमाल १०. वर्ष पुरं नसेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे तुमचे २४ महिने जसेच्या तसे मान्य झाले तर ४ गुण. पाच वर्षांच्या पुढे कितीही ताणलं तरी गुण वाढत नाहीत, हेही ध्यानात घ्या. माझ्या पाहण्यात लोक पाचाची नऊ करायला जिवाचा आटापिटा करतात आणि पदरात काहीच जास्त पडत नाही, उलट संशय तेवढा पडतो.

आणखी एक कडू गोष्ट. नियमावलीच्या दहाव्या कलमात हंगामी किंवा कंत्राटी सेवा मागची सेवा म्हणून धरायला अटी आहेत: पात्रता नियमांप्रमाणे असली पाहिजे, निवड रीतसर समितीनं केलेली असली पाहिजे, आणि एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसलं पाहिजे. तासिकेवरच्या माणसाचं घोडं तिसऱ्या अटीवर अडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. छाननीत तासिकेच्या महिन्यांना गुण द्यायचे की नाहीत याचा व्यवहार मात्र जाहिरातीगणिक बदलताना मी पाहिलाय. म्हणून अर्ज भरण्याआधी जाहिरातीतल्या अटी आणि विहित नमुना शब्दन् शब्द वाचा. तासिकेचा अनुभव धरला जाईल का, याचा निवाडा तुमच्या सीव्हीनं करायचा नाही. सीव्हीनं एवढंच करायचं की तो निवाडा करणाऱ्याला लागणारी प्रत्येक माहिती एका ओळीत मिळावी.

मी एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, शेवटी विभागप्रमुख होते आणि विषयतज्ज्ञ म्हणून निवड समित्यांवर पुष्कळदा बसले. त्या खुर्चीवरून जे दिसतं त्यातलं मुख्य हे: तुमचा सीव्ही दोन अगदी निराळी माणसं वाचतात. पहिला वाचतो तो मोजायला. त्याच्या एका हाताखाली कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्या हाताखाली जोडपत्रांचा गठ्ठा असतो, आणि प्रत्येक ओळीला तो एकच प्रश्न विचारतो, याचा कागद कुठाय? दुसरा वाचतो तो मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी, चहाचा कप बाजूला ठेवून. त्याला महिन्यांशी घेणंदेणं नसतं. ही बाई आमच्या टी.वाय.ला काय शिकवू शकेल, एवढंच त्याला हवं असतं. तुम्ही दोघांचं ताट एकत्र वाढलंय. पहिल्याला कासच्या सहलीत महिने सापडत नाहीत आणि दुसऱ्याला तारखांच्या रानात तुमचं शैवालशास्त्र.

एकदा एका उमेदवार मुलीच्या अर्जावर अशीच सात वर्षं होती. समितीतल्या एका सदस्यांनी पेननं त्यावर गोल काढला आणि मुलाखतीची बारातेरा मिनिटं ती पोरगी त्या साताचा बचाव करत राहिली. तिला शिकवण्यावर एकही प्रश्न विचारायला वेळ उरला नाही. संध्याकाळी कागद आवरताना मी तिची जोडपत्रं चाळली, तर तिनं स्वतः काढलेल्या शैवालांच्या स्लाइड्सची यादी, प्रत्येक नमुना कोणत्या ओढ्यातून आणला त्याच्या नोंदीसकट. शेवटून दुसऱ्या पानावर होती ती यादी.

तर पहिला विभाग फक्त नियुक्त्यांचा. मथळा ‘अध्यापन नियुक्त्या’ असा द्या, ‘अनुभव’ हा शब्दच टाळा, कारण अनुभवात सगळंच मावतं. इथे फक्त तेच येईल ज्याला नियुक्तीपत्र आहे. अलीकडचं आधी. प्रत्येक नोंदीत न चुकता सहा गोष्टी: दिवसासकट तारखा, आदेशात आहे तसं पदनाम, महाविद्यालय अनुदानित की विनाअनुदानित आणि कोणत्या विद्यापीठाशी संलग्न, नियुक्तीचा प्रकार, आठवड्याचे तास, आणि कागदाचा क्रमांक. नमुना असा:

१ ऑगस्ट २०२२ ते ३१ मार्च २०२३ (८ महिने). अध्यापक, तासिका तत्त्वावर, वनस्पतीशास्त्र विभाग, अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, (गाव, संलग्न विद्यापीठ). बी.एस्सी. भाग १ व ३. आठवड्याला ९ तास. निवड समितीमार्फत; विद्यापीठ मान्यता पत्र जोडले आहे. जोडपत्र ७.

पदनामाबद्दल दोन शब्द. तासिकेवर असताना ‘सहायक प्राध्यापक’ एवढंच लिहून पुढे काही न लिहिण्याची फार सवय आहे. आदेशात तसं असेल तर लिहा, पण ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द त्याच ओळीत आले पाहिजेत, खाली तळटीपेत नकोत. हे शब्द लपवल्यानं फायदा झालेला उमेदवार मी पाहिलेला नाही. लपवलेलं उघडं पडल्यावर मात्र बाकीच्या खऱ्या ओळीही खोट्या वाटू लागतात. आणि लाज कशाची? महाराष्ट्रातल्या कित्येक विभागांची टाइमटेबलं वर्षानुवर्षं तासिकेवरच्या पोरांनीच चालवलीत, हे टेबलापलीकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

दोन महाविद्यालयांतला एकाच काळातला अनुभव दोन वेगळ्या ओळींत लिहा, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘वरील कालावधीतच’ असं स्वतःहून घाला. विभागाच्या तळाशी एक ओळ: ‘पुनरावृत्ती वगळून वरिष्ठ महाविद्यालयातील कालावधी: २४ महिने’. बस. हा आकडा छाननी करणाऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर आलेल्या आकड्याशी जुळला की त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि मग उरलेली पानं तो शंका न घेता उलटतो.

तासांचा उल्लेख का? नियमावलीत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे सांगितलेत. तुमचे नऊ लिहिलेत की वाचणाऱ्याला मोजमाप मिळतं. दोन महाविद्यालयांत मिळून आठवड्याला १७ तास होत होते असं तुम्ही म्हणता. मग हे तर तुमच्या बाजूनं बोलणारं आहे! महिने दुप्पट होत नाहीत, पण भार खरोखर पूर्णवेळ माणसाएवढा होता, आणि ते तुमच्या नोंदींतल्या ९ आणि ८ मधून आपोआप दिसतं. तुम्ही वर्षं फुगवण्याच्या नादात हे तास लिहायचंच विसरलात.

कनिष्ठ महाविद्यालयाचं वर्ष याच विभागात, शेवटी, ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या उपमथळ्याखाली. गाळू नका. ते मोजलं गेलं नाही तरी तुमच्या कालरेषेत भोक पडत नाही.

आता दुसरा विभाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथे आहे आणि नव्वद टक्के सीव्हींत हा विभागच नसतो.

मथळा ‘शिकवलेले विषय’. इथे तारखांचा क्रम मोडा. विषयाप्रमाणे गट करा. तुम्ही पाठवलेल्या सीव्हीत प्रत्येक वर्षाखाली पेपरांचे कोड आहेत, बीओटी पुढे चार आकडे. हे कोड तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला कळतात, शेजारच्या विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञाला नाही. त्यातून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आल्यावर नावंही बदलली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे अभ्यासक्रम अशी नवी चौकट आली आणि जुना ‘पेपर पाच’ कुठल्या कुठे गेला. म्हणून कोड काढा, विषय मराठीत किंवा इंग्रजीत सांगा पण सरळ सांगा. असं:

शैवाल, कवक आणि शेवाळवर्ग: बी.एस्सी. भाग १, थिअरी आणि प्रॅक्टिकल, ३ वेळा. वर्गात साधारण ८० विद्यार्थी, प्रॅक्टिकलला २० च्या बॅचेस.

आवृत्तबीजी वनस्पतींचं वर्गीकरण: बी.एस्सी. भाग ३, थिअरी आणि क्षेत्रकार्य, २ वेळा. कुलांची निवड आणि हर्बेरियमचं काम माझ्याकडे.

ऊतिसंवर्धन: एम.एस्सी., फक्त प्रॅक्टिकल, साहाय्यक म्हणून.

तिसऱ्या नोंदीतले ‘फक्त प्रॅक्टिकल, साहाय्यक म्हणून’ हे शब्द पाहिलेत? तुमच्या फेलोशिपच्या काळातलं काम इथे येतं. नियुक्त्यांत ते नाही, पण शिकवलेल्या विषयांत आहे, आणि खरं त्याचं स्थान हेच. एम.एस्सी.च्या पोरांना लॅमिनार फ्लोसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) उभं करून पहिल्यांदा एक्सप्लांट, म्हणजे वनस्पतीचा तुकडा, लावायला शिकवणं हे शिकवणंच आहे. ते महिन्यांत मोजता येत नाही, एवढंच. पीएच.डी.चा काळ न धरण्याच्या त्या यूजीसीच्या नियमात पुढे असंही आहे की नोकरीत असताना कुठलीही रजा न घेता अध्यापनासोबतच पीएच.डी. केली असेल तर तो काळ अनुभव म्हणून धरला जातो. तुमची गोष्ट तशी नाही, पण तासिकेवर असतानाच नोंदणी केलेल्या तुमच्या कुणा मैत्रिणीला हे उपयोगी पडेल. तिनं नियुक्तीच्या ओळीत ‘या काळात रजा घेतलेली नाही’ असं लिहून महाविद्यालयाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं.

‘किती वेळा’ हा आकडा का लिहायचा? पहिल्या वर्षी सगळेच पुस्तक धरून शिकवतात. दुसऱ्या खेपेला काय गाळायचं ते कळतं. तिसऱ्या खेपेला पोरं कुठे अडकतात ते आधीच ठाऊक असतं. तीनदा शिकवलेला एक विषय हा एकेकदा शिकवलेल्या सहा विषयांपेक्षा मला तज्ज्ञ म्हणून जास्त सांगून जातो. उलट तुमच्याकडे एकेकदा शिकवलेले विषयच जास्त असतील, तर तेही चालतं. लहान विभागाला कुठलाही तास पडला तर घेणारं माणूस हवंच असतं. मग मात्र तसंच मांडा, सहा विषयांची यादी थेट, वेळांचा आकडा न लावता.

माध्यमही लिहा. विज्ञानाचा पेपर इंग्रजीत असला तरी ग्रामीण महाविद्यालयात वर्ग मराठीतून समजावल्याशिवाय हलत नाही, आणि समितीतल्या प्राचार्यांना हे पक्कं माहीत असतं. ‘इंग्रजी, गरजेप्रमाणे मराठीतून स्पष्टीकरण’ एवढे चार शब्द पुरे.

कासच्या सहली तुम्ही ‘इतर’ मध्ये टाकल्यात, एका ओळीत, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खाली! मला वाचताना वाईट वाटलं. वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकाचं क्षेत्रकार्य हा ‘इतर’ चा भाग नाही, ते प्रॅक्टिकलचंच विस्तारलेलं रूप आहे. सप्टेंबरात पावसात पस्तीस मुलांना पठारावर नेऊन, फुलांच्या ताटव्यात न शिरता, एकही फूल न तोडता, सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे आणि तिच्या पिशव्या कुठे असतात हे दाखवणं सोपं नाही. त्यासाठी परवानगीचं पत्र, पालकांची संमती, बसचा बंदोबस्त, आणि परतल्यावर अहवाल लिहून घेणं. हे ‘शिकवलेले विषय’ मध्ये वर्गीकरणाच्या नोंदीखालीच लिहा: कुठे, कोणत्या वर्गाला, किती विद्यार्थी, आणि मुलांनी परतल्यावर काय केलं. कास २०१२ पासून युनेस्कोच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे हे लिहायची गरज नाही, तज्ज्ञाला ते माहीत आहे. मुलांनी जमिनीलगतच्या किती जाती ओळखून नोंदवल्या, ते लिहा. तेच तुमचं शिकवणं.

उरलेल्यांचं चटचट सांगते.

मुक्त विद्यापीठाचं समंत्रकाचं काम नियुक्त्यांच्या खाली ‘अंशकालीन अध्यापन’ असा छोटा गट करून लिहा. पत्र असतं, सत्रांची संख्या असते, ती लिहा. महिने लिहू नका, रविवारची बारा सत्रं म्हणजे वर्ष होत नाही.

नीटचा क्लास. यावर मतं दोन आहेत. माझे काही सहकारी म्हणतात, गाळूनच टाका, समितीत कुणाच्या कपाळाला आठी पडेल. मी म्हणते, एक ओळ ठेवा: काळ, विषय, ऑनलाइन. निकालाचे आकडे, ‘माझ्या इतक्या विद्यार्थ्यांना सरकारी एमबीबीएस’ वगैरे अजिबात नको. ती भाषा होर्डिंगची आहे. पण लॉकडाऊनमध्ये लोक बेकार बसले तेव्हा तुम्ही कॅमेऱ्यासमोर शिकवायला शिकलात, आणि ते पुढे मुलाखतीत कामी येऊ शकतं.

पाहुणी व्याख्यानं: निमंत्रण कुणी दिलं, विषय काय, वर्ग कोणता. तुमच्याच महाविद्यालयात तुमच्याच विभागासाठी दिलेलं व्याख्यान पाहुणं नसतं, ते काढा. आणि परिषदेत वाचलेला शोधनिबंध इथे नको, त्याची जागा संशोधनात आहे.

परीक्षेचं काम वेगळ्या गटात: पेपर सेट करणं, मॉडरेशन, कॅपमधली (विद्यापीठाच्या मध्यवर्ती मूल्यांकनातली) तपासणी, प्रॅक्टिकलचे बहिःस्थ परीक्षक. इथे एक पथ्य पाळा. कोणत्या वर्षी कोणता पेपर सेट केला हे लिहू नका, ती गोपनीय बाब आहे. ‘पदवी स्तर, विद्यापीठ परीक्षा’ एवढंच. तुम्ही सत्रासह लिहिलं होतं, ते वाचून मी कपाळावर हात मारला.

एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्पासाठी मार्गदर्शन केलं असेल तर ते कोणत्या नात्यानं, हे आधी ठरवा. अधिकृत मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव प्रबंधावर असेल तर ते संशोधन मार्गदर्शनाच्या मथळ्याखाली जातं. वरच्या पदांच्या रिसर्च स्कोअरमध्ये (संशोधनाच्या गुणांकात) पदव्युत्तर प्रबंधाला पदवीमागे २ गुण आहेत ते त्याच सदरात, अध्यापनात नाहीत. सर मार्गदर्शक आणि प्रत्यक्ष लॅबमध्ये तुम्ही, असं असेल (आणि बहुतेक असंच असतं) तर ‘प्रकल्पात सहकार्य’ म्हणून एक ओळ, मुलांची नावं न लिहिता.

ओरिएंटेशन, रिफ्रेशर, नव्या शिक्षकांसाठीचं गुरुदक्षता, कार्यशाळेतली हजेरी: हे तुम्ही घेतलेलं शिक्षण आहे, दिलेलं नाही. ‘अध्यापनविषयक प्रशिक्षण’ असा स्वतंत्र मथळा. तुमच्या दोन कार्यशाळांत एकीत तुम्ही साधनव्यक्ती होतात आणि दुसरीत सहभागी, आणि दोन्ही एकाखाली एक लिहिल्यात. वाचणाऱ्यानं दोन्हींत सहभागीच समजायचं. अभ्यासक्रम तयार करण्यात हात असेल, एखादं मॉड्यूल लिहिलं असेल, तर ते मात्र वर, शिकवलेल्या विषयांच्या लगोलग. अभ्यासक्रम घडवणारं माणूस आणि तो उरकणारं माणूस यांत फरक असतो, तो दिसू द्या.

क्रमाचं विचारलंत. महाविद्यालयासाठी अर्ज असेल तर शिक्षण, पात्रता परीक्षा, आणि लगेच अध्यापनाचे हे दोन्ही विभाग, संशोधन त्यानंतर. विद्यापीठाचा विभाग किंवा संशोधनसंस्था असेल तर प्रकाशनं आधी. म्हणजे दोन सीव्ही ठेवावे लागतील. ठेवा. आशय एकच, क्रम वेगळा. विहित नमुना भरून द्यायचा असेल तिथे तर क्रमाचा प्रश्नच नाही. तिथे रकाने त्यांचे, तुम्ही फक्त त्यांत बसा आणि ‘शिकवलेले विषय’ हे पान जोडपत्र म्हणून लावा.

जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनपदासाठी) अर्ज करायचा विचार आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिथे हाच सीव्ही पाठवू नका. कनिष्ठ, वरिष्ठ, अनुदानित, तासिका, मान्यता पत्र यांतला एकही शब्द तिथे कुणाला कळणार नाही, अनुभवाच्या जोडपत्रांचा असा गठ्ठाही सहसा कुणी मागत नाही. तिथे पहिला वाचकच गैरहजर असतो, आणि दुसराच सगळं ठरवतो. म्हणून ‘शिकवलेले विषय’ हा विभाग जवळपास जसाच्या तसा चालेल आणि नियुक्त्या दोनतीन ओळींत आटपतील.

जर्मन विद्यापीठांत अध्यापन सत्रानुसार मांडायची रीत आहे: हिवाळी सत्र की उन्हाळी, व्याख्यान की सराववर्ग की सेमिनार की प्रॅक्टिकल, आणि आठवड्याचे तास. तिथला एक तास ४५ मिनिटांचा धरतात. तुमच्या सत्रांचे तास आठवड्याला किती हे लिहून ठेवलेलं असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. ब्रिटनमध्ये शब्द सांभाळा: तिथे ‘कोर्स’ म्हणजे अख्खा पदवीक्रम, आणि आपण ज्याला पेपर म्हणतो ते ‘मॉड्यूल’. ‘आय टॉट थ्री कोर्सेस’ लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल. तिथे शिकवणाऱ्या पीएच.डी.च्या मुलांना अ‍ॅडव्हान्स एचई या संस्थेची असोसिएट फेलोशिप घेता येते. तुमच्याकडे ती नसेल तर त्या मथळ्याखाली आपली रिफ्रेशरची सर्टिफिकेटं ओढून बसवू नका, ती वेगळी लिहा. अमेरिकेत फरक करतात तो साहाय्यक म्हणून शिकवलं की अभ्यासक्रमाची पूर्ण जबाबदारी तुमची होती यांत. तुमच्या तासिकेच्या वर्षांत पाठ्यनियोजन, शिकवणं, अंतर्गत मूल्यमापन सगळं तुम्हीच केलंत, तर तिथे ते दुसऱ्या प्रकारात येतं. विद्यापीठ परीक्षेचा पेपर बाहेरून येतो, हे मात्र एका वाक्यात सांगा.

आता कागदांचं, कारण वर सगळीकडे ‘जोडपत्र’ म्हणत आले.

दर वर्षाच्या नियुक्तीसाठी तीन कागद लागतात: नियुक्तीपत्र, विद्यापीठाचं मान्यता पत्र, आणि अनुभव प्रमाणपत्र. अनुभव प्रमाणपत्रावर जावक क्रमांक, तारीख, प्राचार्यांची सही आणि शिक्का. ‘२०२१ ते २०२४ या काळात काम केले’ असं मोघम प्रमाणपत्र घेऊ नका, वर्षागणिक तारखा घालून मागा, नाहीतर मधले एप्रिल ते जुलै कुणी धरेल, कुणी धरणार नाही, आणि शंकेचं माप तुमच्याच पदरात येईल. आठवड्याचे तास त्यावर येत नसतील तर विभागप्रमुखांच्या सहीचं वर्कलोडचं पत्रक वेगळं घ्या. शिकवलेल्या विषयांसाठी सर्वांत चांगला पुरावा म्हणजे त्या त्या सत्राचं टाइमटेबल. मूळ टाइमटेबल नोटीस बोर्डावरून उतरलं की कचऱ्यात जातं, म्हणून विभागाच्या फाइलमधून झेरॉक्स काढून त्यावर विभागप्रमुखांची सही घ्या. दोन्ही महाविद्यालयांचं.

तुमच्या पहिल्या महाविद्यालयातले प्राचार्य या वर्षी निवृत्त होताहेत, असं तुम्ही सहज म्हणून गेलात. मग हे आधी करा, सीव्ही नंतर. मार्चअखेरीच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कार्यालयात जा, प्रमाणपत्राचा मजकूर तारखांसकट टाइप करूनच न्या आणि तिन्ही वर्षांचे आदेश सोबत ठेवा. नवे प्राचार्य आले की तुम्ही तिथे शिकवत होतात हे आधी त्यांना पटवून द्यावं लागेल, आणि हजेरीचं जुनं मस्टर कुठल्या कपाटात आहे हे फक्त हेडक्लार्कना माहीत असेल.